तीन दिवसांनी उभं राहताना

भाचा : मावशी, १८ नोव्हेंबर २०२२ ला आपल्या झाशीजवळ, बबीनाच्या फायरिंग रेंजवर जे झालं ते इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. वायुसेनेच्या आयएल-७६ विमानातून पाच टनांचं एक वजन अडीच किलोमीटर उंचीवरून खाली सोडलं. माणसांना अंतराळात नेणाऱ्या भारताच्या गगनयानच्या कुपीचं वजन जेवढं, तेवढंच. आधी छोटी पायलट पॅराशूट उडाली, त्यांनी मोठी ओढून बाहेर काढली आणि दोन-तीन मिनिटांत ते वजन बुंदेलखंडाच्या कोरड्या जमिनीवर सुखरूप टेकलं. तीनपैकी एक मुख्य पॅराशूट उघडलंच नाही, असं मुद्दाम गृहीत धरलं होतं. ३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा तिथेच चाचणी झाली. या वेळी प्रश्न असा होता, की दोन पॅराशूट एकदम पूर्ण न फुलता मागेपुढे फुलली तर? माझं म्हणणं एवढंच, की माणसाला अंतराळात पाठवण्याचा प्रश्न मुळात त्याला परत आणण्याचा आहे, आणि त्यातला यंत्राचा अवघड भाग इथे, आपल्या दाराशी सुटतो आहे. शरीराचा भाग त्याहून सोपा, कारण शरीर स्वतःच हुशार आहे. वजन नाहीसं झालं की हृदय आणि रक्तवाहिन्या थोड्या दिवसांत नव्या परिस्थितीला जुळवून घेतात. त्याला आजार म्हणण्याचं कारण नाही.

मावशी : शरीर हुशार आहे हे मान्य. पण कशात हुशार आहे ते आधी नीट पाहू. तू खुर्चीतून उठून उभा राहतोस तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली पोटात आणि पायांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, एका ठोक्यात बाहेर पडणारंही कमी होतं, आणि मेंदू तर हृदयाच्या दीड वीत वर. उभ्या माणसाच्या पावलाच्या धमनीतला सरासरी दाब हृदयाजवळच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि डोक्यात तो हृदयाजवळच्यापेक्षा कमी. तरी तुला भोवळ येत नाही, कारण मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं आहेत. दाब जरा उतरला की ती एक-दोन ठोक्यांत मेंदूला कळवतात. नाडी वाढते, पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. दिवसातून कितीदा तरी हे घडतं आणि तुला पत्ता लागत नाही. झाशीच्या मे महिन्यात मात्र लागतो. पारा ४५ च्या पुढे गेला की उष्णता बाहेर टाकायला कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, घामाने पाणी गेलेलं असतं, आणि रांगेत उभा असलेला धडधाकट माणूस डोळ्यांसमोर अंधारी येऊन कोसळतो. आडवा केला, पाय उचलून धरले, की दोन मिनिटांत डोळे उघडतो. त्याच्या हृदयात काहीही बिघाड नसतो. फक्त उभं राहण्याचा रोजचा हिशेब त्या वेळी त्याला जमलेला नसतो. ज्या शरीराला हा हिशेब कित्येक दिवस करावाच लागलेला नाही, ते परत आल्यावर काय करेल? मला तरी हा प्रश्न पॅराशूटपेक्षा सोपा वाटत नाही.

भाचा : परतल्यावरचं बोलू, पण आधी तिथलं पाहा. तिथे जे घडतं ते इतकं सुंदर आहे, की ते नीट पाहिल्याशिवाय त्याला दोष देणं मला पटत नाही. कक्षेत पोचल्यावर पहिल्या काही तासांत पायांतून जवळजवळ दोन लिटर द्रव छाती आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजतो, मानेच्या शिरा फुगतात, नाक चोंदतं, पाय काटकुळे होतात. छातीत रक्त वाढलं म्हणजे हृदयाजवळच्या शिरेतला दाब वाढणार, मग मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकणार, असं सगळे धरून चालले होते. जून १९९१ मध्ये कोलंबिया यानातून ड्र्यू गॅफनी गेले. ते स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. हाताच्या शिरेतून थेट हृदयाजवळ पोचणारी नळी अंगात ठेवूनच ते उडाले. कक्षेत पोचताच तो दाब वाढण्याऐवजी जमिनीवरच्या पातळीच्याही खाली गेला आणि तरीही हृदयाचे कप्पे नेहमीपेक्षा जास्त भरलेले दिसले. इथे छातीचा पिंजरा, फुप्फुसं, यकृत, सगळ्यांचं वजन हृदयावर असतं. ते वजन गेलं, हृदयाबाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षाही जास्त उतरला, म्हणून कमी दाबातही हृदय मोकळेपणी फुललं. लघवीसुद्धा वाढली नाही. तहान कमी झाली, रक्तातलं पाणी ऊतींत झिरपलं, आणि रक्तद्रव दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होऊन स्थिरावला. पुढे डॅनिश संशोधक पीटर नॉर्स्क यांनी अंतराळ स्थानकावर महिनोन्‌महिने राहिलेल्या आठ जणांची मोजमापं घेतली. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारं रक्त सुमारे ४१ टक्क्यांनी वाढलेलं आणि रक्तदाब ८ ते १० अंकांनी उतरलेला. रक्तवाहिन्या सैल, हृदय भरलेलं, बीपी कमी. खालच्या एखाद्या रुग्णाचे असे आकडे आले असते तर तू डॉक्टर म्हणून त्याला शाबासकी दिली असतीस.

मावशी : दिली असती, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं असतं. तू सांगितलेल्या गोष्टींत मला आणखी एक गोष्ट दिसते. जाणकारांनी जे भाकीत केलं त्याच्या नेमकं उलट घडलं, आणि एकदाच नव्हे. रक्तदाब उतरला म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारी चेतासंस्था निवांत झाली असेल, असंच कोणालाही वाटेल. १९९८ च्या न्यूरोलॅब मोहिमेत त्या चेतातंतूंमधल्या लहरी प्रत्यक्ष नोंदवल्या, तर त्या कमी झालेल्या नव्हत्या, किंचित वाढलेल्याच होत्या. मग बीपी उतरतो कशाने? याचं समाधानकारक उत्तर अजून हातात नाही. ज्या यंत्रणेबद्दलचे आपले अंदाज इतक्यांदा चुकतात तिच्याबद्दल ‘हुशार आहे, घेईल सांभाळून’ असं म्हणायला मी कचरते. लाल पेशींचंही बघ. कॅनडातल्या गी ट्रुडेल यांच्या गटाने १४ अंतराळवीरांवर अभ्यास केला. आपल्या शरीरात सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी नष्ट होतात, तिथे ३० लाख. पहिल्या दिवसांपुरतं असेल म्हणावं, तर मुक्कामाचे सहाही महिने तेच चालू, आणि परतल्यावर वर्षभरानेही ते प्रमाण पूर्वपदावर आलेलं नव्हतं. मानेतल्या धमन्यांची भिंत तिथल्या सहा महिन्यांत इतकी कडक झाली, की जमिनीवर तेवढं व्हायला दहा ते वीस वर्षं लागली असती. आणि मला सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट २०१९ मध्ये छापून आली. अकरा अंतराळवीरांच्या मानेतल्या मोठ्या शिरांची तिथेच सोनोग्राफी केली, त्यांतल्या सहा जणांत रक्त जवळजवळ थांबलेलं किंवा उलट दिशेने वाहत असलेलं आढळलं. एकाच्या शिरेत गुठळी. त्याला काही त्रास नव्हता, तपासणी झाली नसती तर कळलंही नसतं. मग जमिनीवरचे डॉक्टर सांगतील तशी तीन महिने रक्त पातळ करणारी औषधं. आधी इंजेक्शनं, पुढच्या यानातून गोळ्या आल्यावर गोळ्या. थांबलेल्या रक्ताला आम्ही आजारच म्हणतो, मग तो माणूस पृथ्वीपासून कितीही दूर असो.

भाचा : ते मी नाकारत नाही. पण तू सांगितलेलं सगळं महिन्यांचं आहे. गगनयान तीन दिवसांचं, ४०० किलोमीटरवरच्या कक्षेतलं, तीन माणसांचं. आणि शरीर हुशार आहे म्हणताना मला एवढंच म्हणायचं होतं, की हृदयाला कुठलाही एक आकार, एक वजन जन्मापासून नेमून दिलेलं नाही. ते समोर आलेला भार वाचतं आणि त्याप्रमाणे घडतं. २०१४ मध्ये जेम्स थॉमस यांच्या गटाने बारा अंतराळवीरांची हृदयं पाहिली, ती कक्षेत ९.४ टक्क्यांनी जास्त गोल झालेली आढळली. परतल्यावर पुन्हा पूर्वीसारखी. अंतराळवीर स्कॉट केली स्थानकावर ३४० दिवस राहून मार्च २०१६ मध्ये परतले. आठवड्यात सहा दिवस व्यायाम करूनही त्यांच्या हृदयाचा डावा कप्पा आठवड्याला सरासरी पाऊण ग्रॅमच्या आसपास हलका होत गेला. त्यांचं हृदय मोजणाऱ्या अभ्यासात दुसरा माणूस होता बेन्वा लकॉम्ट. त्याने प्रशांत महासागरात १५९ दिवस रोज तासन्‌तास पोहून जवळजवळ २,८०० किलोमीटर कापले. त्याचंही हृदय जवळजवळ त्याच वेगाने हलकं झालं. इतकं पोहूनही! कारण पाण्यात आडव्या शरीराला रक्त वर चढवावं लागत नाही. दोघांच्याही हृदयाचं काम मात्र उत्तम चालू होतं. सापांचं उदाहरण तर याहून जुनं. झाडावर चढणाऱ्या सापांचं हृदय डोक्याजवळ असतं, पाण्यात राहणाऱ्यांचं शरीराच्या मध्याकडे सरकलेलं. उत्क्रांतीने लाखो वर्षांत केलं, तेच एक हृदय काही आठवड्यांत थोडंसं करून दाखवतं. याला मी बिघाड कसा म्हणू?

मावशी : लकॉम्टचं उदाहरण तू दिलंस ते बरं झालं, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तिथेच आहे, आणि तो अंतराळात नाही. तो खाटेवर आहे. १९६६ मध्ये डॅलसला पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगितलं. वय विशीचं. उठले तेव्हा त्यांची व्यायामाची कमाल क्षमता पाव हिश्शाहूनही जास्त घटलेली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं त्याहून त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जास्त केलं होतं. हा निष्कर्ष मी वाचला तेव्हा वॉर्डातल्या खाटांकडे बघण्याची माझी नजर बदलली. मांडीचं हाड मोडलेली आजी, ऑपरेशननंतर ‘हलू नका’ म्हणून घरच्यांनी पाडून ठेवलेला बाप, आपल्या घरांतून अजूनही सव्वा महिना खाटेवरून उठू न दिली जाणारी बाळंतीण. या सगळ्यांचं हृदय कक्षेतच असतं. रक्तद्रव उतरतो, दाब ओळखणारी टोकं मंदावतात, पायांच्या शिरांत गुठळ्या होतात, आणि पहिल्यांदा उभं केलं की माणूस पांढराफटक पडतो. अंतराळातल्या माणसांची काळजी करणाऱ्यांनी डोक्याकडची बाजू सहा अंश खाली असलेल्या खाटांवर निरोगी माणसांना आठवडेच्या आठवडे झोपवून हे सगळं मोजलं, त्याबद्दल मी त्यांची खरोखर ऋणी आहे. पण म्हणूनच विचारते, की जे खाटेवर कळतं त्यासाठी माणूस ४०० किलोमीटर वर कशाला पाठवायचा? झाशीतल्या, ललितपूरच्या हृदयरुग्णाला त्यातून काय मिळणार?

भाचा : खाटेवर सगळं कळत नाही, हे तुझ्याच बोलण्यात आलंय. मानेतली शीर उलटी वाहते हे खाटेवर दिसलं नव्हतं. गॅफनींच्या नळीतला दाब खाटेवर तसा उतरत नाही, कारण खाटेवर छातीचं वजन छातीवरच असतं, फक्त दिशा बदलते. वजनाची दिशा बदलणं आणि वजन नसणं, यांत हृदयाला फरक कळतो, हे कळायलाच वर जावं लागलं. आणि झाशीच्या रुग्णाचं म्हणशील, तर हाडाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी आजीला उभं करायचं, ही गोष्ट नातेवाइकांना पटवताना तुझ्या हातात जो पुरावा होता तो या सगळ्या अभ्यासांनी भक्कम केला. पुढे काय मिळेल ते मी आज सांगू शकत नाही आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवणार नाही. पण आपण यात अगदी नवखे नाही. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत स्थानक सॅल्यूत-७ वर गेले तेव्हा तिथे ओलेग अत्कोव आधीपासून राहत होते. ते हृदयरोगतज्ज्ञ, आणि त्या वेळी २३७ दिवसांच्या मुक्कामावर होते. आपल्या माणसाने तिथे योगासनांचा प्रयोग केला, हृदयाच्याही नोंदी झाल्या.

मावशी : एका माणसाच्या, आठवडाभराच्या. मग ४१ वर्षं काही नाही. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला अंतराळ स्थानकाकडे गेले आणि १५ जुलैला परतले, तेव्हा भारताचे म्हणून सात प्रयोग होते. मूग-मेथीचे कोंब होते, शेवाळ होतं, जलअस्वलं होती, स्नायूंच्या पेशी होत्या. चांगले प्रयोग आहेत, मी नावं ठेवत नाही. पण त्या सातांत हृदय-रक्तवाहिन्यांसाठी स्वतंत्र असा एकही नव्हता. आपण ज्या गोष्टीवर माणसाचा जीव ठेवणार, तिच्याबद्दल आपल्या लोकांची, आपल्या आहाराची, आपल्या अंगकाठीची मोजमापं जवळजवळ शून्य. बाहेरचे आकडे घेऊन आपण चालणार आहोत, आणि तेही बहुतेक पुरुषांचे. उभं राहिल्यावर भोवळ येण्याचं प्रमाण परतलेल्या स्त्रियांत जास्त असतं हे माहीत आहे. आपले निवडलेले चौघेही पुरुष, चौघेही वायुसेनेचे वैमानिक.

भाचा : वैमानिक घेतले म्हणूनच मी निर्धास्त आहे. त्यांना वेगाने वळताना रक्त पायांत उतरू न देण्याची सवय असते. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये त्यांची निवड झाली, हृदयाची बारीक तपासणी झाली. आणि इतिहासही माझ्याच बाजूने बोलतो. १९७० मध्ये सोयूझ-९ मधून निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह १८ दिवसांनी परतले, त्यांना यानातून उचलून काढावं लागलं, दिवसच्या दिवस नीट चालता येईना. १९९५ मध्ये वॅलेरी पोल्याकोव्ह ४३७ दिवसांनी परतले आणि यानापासून खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले. तेही डॉक्टरच, हे करून दाखवायचं असं त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं. १८ दिवसांत कोसळणारं शरीर आणि ४३७ दिवसांनी चालणारं शरीर, यांत फरक कशाचा? ट्रेडमिलचा, पायांकडे रक्त ओढणाऱ्या चिबीस पोशाखाचा, परतण्याआधी घेतलेल्या मीठ-पाण्याचा. म्हणजे शरीर शिकतं आणि आपणही शिकतो.

मावशी : आता तू मला हवं तिथे आलास. तुझ्या तीन पॅराशूटचाच दाखला घेते. तीनपैकी दोन उघडली तरी कुपी सुखरूप उतरते, तिसरं राखीव. उभ्या राहणाऱ्या माणसाकडेही तीनच साधनं असतात : पुरेसं रक्त, वाढणारी नाडी, आणि आवळणाऱ्या रक्तवाहिन्या. १९९६ मध्ये जे बकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते १४ दिवसांनी परतलेल्या १४ जणांना दहा मिनिटं नुसतं उभं राहायला सांगितलं. नऊ जणांना ती दहा मिनिटं पुरी करता आली नाहीत. आता यातली खुबी बघ. दर ठोक्याचं रक्त सगळ्यांचंच घटलेलं होतं, पडणाऱ्यांचं आणि टिकणाऱ्यांचं. नाडी दोन्हींकडे वाढली. फरक तिसऱ्याचा होता. ज्यांच्या रक्तवाहिन्या पुरेशा आवळल्या ते उभे राहिले, ज्यांच्या आवळल्या नाहीत ते पडले. म्हणजे अंतराळातून येणारा प्रत्येक माणूस एक पॅराशूट वरच सोडून येतो, ते रक्ताचं. मग दुसऱ्या दोनांवर सगळी मदार, आणि त्यांतलं एक फुलेल की नाही ते आधी कळत नाही. बबीनाला नेमकं हेच तपासलं ना? एक उघडलं नाही तर काय, दोन मागेपुढे फुलली तर काय? शरीराची ही चाचणी आपण कुठे केली आहे?

भाचा : दाखला मान्य. पण तीन दिवसांत...

मावशी : तीन दिवस ऐकताना कमी वाटतात, म्हणून तर माझी भीती. रक्तद्रव घटायला महिने लागत नाहीत, एक-दोन दिवसांत तो आपल्या नव्या पातळीला जातो. हृदयाचा स्नायू झिजायला आठवडे लागतात, हाडं तर आणखी हळू. म्हणजे तिसऱ्या दिवशी परतणाऱ्याचा स्नायू शाबूत असेल आणि रक्त मात्र जवळजवळ तेवढंच घटलेलं असेल जेवढं सहा महिन्यांच्या माणसाचं. वर पहिले दोन-तीन दिवस मळमळीचे. कित्येकांना उलट्या होतात, खाणंपिणं जात नाही. तुझा ट्रेडमिलवरचा व्यायाम इथे उपयोगाचा नाही, झिजलेलंच काही नाही तर तो वाचवणार काय? इथे उपयोग मीठ-पाण्याचा. अमेरिकन स्पेस शटलच्या काळात उतरण्याआधी आठ मिठाच्या गोळ्या आणि लिटरभर पाणी असा नियम होता. मळमळणाऱ्या माणसाने ते गिळायचं आणि पोटात ठेवायचं. मग परतीच्या वाटेवर अंगावर कितीतरी पट वजन. ते झोपलेल्या स्थितीत छातीवर येतं म्हणून सोसतं, हे ठीक. पण त्यानंतर बबीनाची कोरडी जमीन नाही, समुद्र आहे. लाटांवर हेलकावणारी बंद कुपी, आत उकाडा, पोशाख अंगात, आणि मदतीची बोट पोचेपर्यंतचा वेळ. मे महिन्यातल्या रांगेत जो माणूस पडतो त्याच्या सगळ्या अटी इथे एकत्र येतात, आणि ऐनवेळी कुपी सोडायची वेळ आली तर त्याला स्वतःच्या बळावर उठून बाहेर पडायचं आहे. सहा महिने स्थानकावर राहून आलेल्याला उतरताच चार हात उचलून घेतात आणि आपण म्हणतो, बिचारा महिनोन्‌महिने वर होता. तीन दिवसांच्या माणसाकडून मात्र सगळा देश त्याने हात हलवत चालत यावं अशी अपेक्षा करेल.

भाचा : हा मुद्दा माझ्या मनात असा आला नव्हता. मी तीन दिवसांकडे सहा महिन्यांचा छोटा तुकडा म्हणून पाहत होतो. तू म्हणतेस तो वेगळाच प्रसंग आहे : मजबूत हृदय, पण पोहोऱ्यात पाणी कमी. हे मान्य करतो. तरीही उत्तर आपल्याकडे आहे असं मला वाटतं. २०१९ मध्ये डॅलसच्याच बेंजामिन लेवीन यांच्या गटाने सहा महिने राहून आलेल्या बारा जणांचा बीपी परतल्यानंतर २४ तास सतत नोंदवला, प्रयोगशाळेत नव्हे, नेहमीच्या हालचालींत. एकालाही भोवळ आली नाही. वर असताना रोज दोन तासांपर्यंत व्यायाम, आणि उतरल्यावर शिरेतून सलाईन. बकींच्या चौदांतले नऊ आणि इथे बारांत शून्य. मग कुपीतून काढल्या काढल्या सलाईन लावा, पायांवर दाब देणारा पोशाख आधीपासून घाला, दहा मिनिटं आडवं ठेवा, आणि मग उभं करा. चालत येण्याचं दृश्य एक दिवसाने दिसलं तर बिघडलं काय?

मावशी : माझी काहीच हरकत नाही, मी डॉक्टर म्हणून हेच करीन. पण त्या बारांच्या अभ्यासात एक गाठ आहे. व्यायामही होता आणि सलाईनही. कशाने काम केलं? बहुधा दोघांनी मिळून. सहा महिन्यांच्या माणसाला दोन्ही द्यायचेच असतात, त्यामुळे त्याच्यासाठी हा प्रश्न गौण आहे. तीन दिवसांच्या माणसाला व्यायामाचा फायदा नाही, मग सगळा भार सलाईनवर. आणि सलाईन बोटीवर चढल्यावर लागणार. बोट येईपर्यंतच्या वेळाचं उत्तर त्या बारांकडे नाही.

भाचा : म्हणूनच मोजायला हवं, आणि पहिल्याच उड्डाणात. सलाईन लावण्याआधी. उतरल्यावर जहाजाच्या डेकवर, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून, पाच मिनिटं उभं राहण्याची चाचणी. नाडी, बीपी, छातीवर इको. जाण्याआधी त्याच माणसाची तीच चाचणी पुन्हा पुन्हा केलेली असेल, म्हणजे तुलना त्याची त्याच्याशीच. सलाईन दिल्यावर मोजलं तर तीन दिवसांनी शरीराचं नेमकं काय झालं ते कधीच कळणार नाही, आपल्याला फक्त सलाईनचा परिणाम कळेल. आपल्याकडे माणसं तीन आहेत, तीनशे नाहीत. प्रत्येक आकडा मोलाचा आहे, आणि बाहेरच्यांचे आकडे घेऊन चालतो ही तक्रार तर तुझीच.

मावशी : तक्रार माझीच. पण समोर पांढरा पडत चाललेला माणूस आहे, हातात सलाईनची बाटली आहे, आणि आकडा हवा म्हणून मी पाच मिनिटं थांबायचं? हे मी वॉर्डात कोणासाठी केलं नसतं. डेकवर का करू?

भाचा : तिघांपैकी एकाच्याच बाबतीत कर. बाकी दोघांना लगेच सलाईन. भोवळीचं पहिलं चिन्ह दिसताच त्यालाही आडवं करायचं. धोका अगदी मर्यादित आहे आणि त्यातून जे कळेल ते पुढच्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. ज्या रांगेतल्या माणसाची तू गोष्ट सांगितलीस, त्यालाही.

मावशी : तो एक कोण, हे ठरवणार कोण?

भाचा : तेच तिघं. स्वतःहून.

मावशी : अरे, त्यांच्यापैकी कोणी नाही म्हणेल का? वर्षानुवर्षं निवडीच्या चाळण्यांतून गेलेली माणसं आहेत ती. जे विचाराल त्याला हो म्हणत आले म्हणूनच इथवर पोचली. त्यांचा होकार मी खाटेवरच्या रुग्णाच्या होकाराइतका मोकळा कसा धरू?

भाचा : मग तो होकार उड्डाणाच्या कितीतरी आधी, त्यांच्या निवडीशी आणि नेमणुकीशी काहीही संबंध नसलेल्या डॉक्टरने घ्यायचा. नाही म्हणणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही, असं लिहून द्यायचं. असं करता येईल ना?

मावशी : लिहून देता येईल. त्या तीन माणसांना ते खरं वाटेल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि तुला तो आकडा मिळाला नाही तर चौथ्या उड्डाणाच्या माणसाला मी काय सांगणार, याचंही नाही.